हाडांचा रस्सा आणि प्रथिनांचा शोध

सुताराच्या कामाच्या जागीं एका लहानशा डब्यांत तपकिरी रंगाचा चिकट सरस गरम होत असतो. त्याचा वास ज्यानें एकदां घेतला तो सहसा विसरत नाहीं. जनावरांचीं कातडीं, स्नायुबंध आणि हाडें पुष्कळ वेळ पाण्यांत शिजविलीं म्हणजे हा पदार्थ मिळतो. तोच अधिक काळजीनें, स्वच्छ हाडांपासून काढला, गाळला आणि वाळविला, कीं त्याला जिलेटिन हें भारदस्त नांव प्राप्त होतें. मग तो जेलींत, औषधांच्या कॅप्सूलांत आणि छायाचित्रांच्या फिल्मवर मानानें जाऊन बसतो. आज मला या सरसाची एक जुनी कहाणी सांगावयाची आहे. हा पदार्थ अन्न म्हणून पुरेसा आहे काय, एवढाच तिच्यांतील प्रश्न. प्रश्न दिसतो साधा. पण त्याचें पुरतें उत्तर मिळण्यास शंभरावर वर्षें लागलीं, आणि तें मिळण्यापूर्वींच पॅरिस शहरांतील असंख्य रुग्णांच्या व गरिबांच्या पुढ्यांत तो रस्सा अन्न म्हणून येऊन पडला होता.

ही कहाणी आतांच सांगण्यास कारण आहे. औषधांच्या दुकानांत अलीकडे ‘कोलॅजेन पेप्टाइड’ या नांवाचे डबे मांडलेले दिसतात. सांधे, त्वचा, केस, सर्वांना त्यापासून लाभ होतो, असें सुचविणाऱ्या जाहिराती आपण वाचतों. कोलॅजेन म्हणजे कातडें, हाड आणि स्नायुबंध यांतील मुख्य प्रथिन. तें शिजविलें म्हणजे जिलेटिन होतें. आणि जिलेटिनाचे आणखी बारीक तुकडे केले म्हणजे हीं पेप्टाइडें मिळतात. अर्थात् डब्यांतील ती पांढरी भुकटी सुताराच्या सरसाचीच सुशिक्षित नात होय. नातीची पारख करावयाची तर आजोबांचा इतिहास ठाऊक असलेला बरा, एवढाच माझा हेतु आहे.

कहाणीचा आरंभ लंडनमध्यें होतो. देनी पापँ नांवाचा एक फ्रेंच प्रॉटेस्टंट संशोधक तेथें येऊन राहिला होता. १६७९ सालीं त्यानें रॉयल सोसायटीच्या सभासदांना धातूचें एक भक्कम भांडें दाखविलें. झांकण घट्ट आवळून आंतील वाफ कोंडली म्हणजे पाणी नेहमींपेक्षां अधिक तापतें, आणि एरवीं कितीही शिजविलीं तरी दाद न देणारीं हाडें त्यांत मऊ पडतात, हा त्याचा शोध. भांडें फुटूं नये म्हणून त्यानें पुढें झांकणावर एक झडपही बसविली. आपल्या स्वयंपाकघरांत शिट्टी देणाऱ्या कुकरचा मूळ पुरुष तो हाच. १६८२ च्या एप्रिल महिन्यांत सोसायटीच्या कांहीं सभासदांना या यंत्रांत शिजविलेलें जेवण देण्यांत आलें. जॉन एव्हलिन या गृहस्थानें आपल्या रोजनिशींत त्या मेजवानीचें मोठें खुसखुशीत वर्णन करून ठेविलें आहे. गाईचीं आणि मेंढ्यांचीं अति कठीण हाडें चीजसारखीं मऊ झालीं होतीं, कोळसा अगदीं थोडा लागला होता, आणि हाडांची जेली इतकी स्वच्छ व रुचकर होती कीं एव्हलिननें तिचा एक पेला आपल्या पत्नीकडे घरीं पाठवून दिला. कचऱ्यांत जाणाऱ्या हाडांतून अन्न निघतें, ही कल्पना त्या रात्रीं टेबलावर प्रत्यक्ष मांडली गेली. मात्र त्या रात्रीं जेलीबरोबर मांस, मासे आणि कबुतरेंही होतीं, ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवूं.

यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली, आणि तिच्या मागोमाग युद्धें आलीं. रुग्णालयें भरलीं, मांस महागलें आणि सरकारी खजिना रिकामा झाला. थोड्या खर्चांत पुष्कळांचीं पोटें कशीं भरावीं, हा त्या काळच्या सहृदय व बुद्धिमान लोकांचा ध्यास होता. म्यूनिक येथें काउंट रम्फर्ड यानें जव, वाटाणे, बटाटे आणि भरपूर पाणी यांचें सूप गरिबांसाठीं चालू केलें होतें. शिजवितांना पाणीही अन्नाचें काम करूं लागतें, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. पॅरिसमध्यें कादे द व्हो या रसायनज्ञानें हाडांच्या रश्श्याचा पुरस्कार केला. वजनास वजन घेतलें तर मांसापेक्षां हाडांपासून कितीतरी अधिक रस्सा निघतो, असें तो सांगे.

या विचाराला कारखान्याचें रूप दिलें झां-पिएर-जोझेफ दार्से यानें. हा नामांकित रसायनज्ञाचा नामांकित मुलगा. हाडें सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लांत भिजत घातलीं म्हणजे त्यांतील चुन्याचे क्षार विरघळून जातात आणि मागें लवचिक, अर्धपारदर्शक असा गाभा उरतो. तो पाण्यांत उकळला कीं जिलेटिन मिळतें. १८१४ सालीं पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाच्या समितीनें हें जिलेटिन पौष्टिक व पचण्यास सुलभ असल्याचा अनुकूल अभिप्राय दिला. पुढें दार्सेनें आम्लाऐवजीं वाफ वापरून काम आणखी स्वस्त केलें. १८२९ च्या सुमारास सँ-लुई रुग्णालयांत त्याचीं यंत्रें बसलीं, आणि रोज्यास शेंकडों वाटप होईल इतका रस्सा त्यांतून निघूं लागला. इतर रुग्णालयांनीं आणि अन्नछत्रांनींही हें अनुकरण केलें.

श्रोतेहो, दार्से हा कांहीं लबाड व्यापारी नव्हता. तो विज्ञान-अकादमीचा सभासद होता, लोकांच्या कल्याणाची त्याला कळकळ होती, आणि त्या काळच्या शास्त्राचा आधारही त्याला होता. तो आधार कोणता, हें नीट पाहिलें पाहिजे. कारण चूक नेमकी तेथेंच दडली होती.

१८१६ सालीं फ्रांस्वा माजांदी या शरीरशास्त्रज्ञानें कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले होते. एका कुत्र्याला नुसती साखर आणि पाणी, दुसऱ्याला ऑलिव्हचें तेल, तिसऱ्याला गोंद, अशी व्यवस्था त्यानें केली. कुत्रे प्रथम खुशाल खात. मग कृश होत. त्यांच्या डोळ्यांना व्रण पडत. आणि महिन्याभराच्या आसपास ते मरत. या सर्व पदार्थांत नत्रवायूचा अंश नसतो. यावरून प्राण्यांच्या शरीराला लागणारा नत्रवायु अन्नांतूनच यावा लागतो, या मताला बळकटी आली. शास्त्रज्ञांच्या हातीं यामुळें एक सोयीची मोजपट्टी आली. ज्या अन्नांत नत्रवायूचें प्रमाण अधिक तें अधिक पौष्टिक. १८३६ सालीं बुसँगो यानें गुरांच्या चाऱ्याचे तक्ते याच मापानें तयार केले. आतां जिलेटिनांत शेंकडा अठराच्या आसपास नत्रवायु असतो. मांसांतील किंवा अंड्याच्या पांढऱ्यांतील शुद्ध प्रथिनांत तो शेंकडा सोळाच्या आसपास. म्हणजे मोजपट्टीनें पाहिलें तर सरस हा मांसाहूनही श्रेष्ठ ठरतो! तराजू खोटा नव्हता आणि तोलणाराही खोटा नव्हता. पण जें तोलावयाचें तें त्या तराजूंत बसत नव्हतें.

पहिली तक्रार केली ती मोजपट्टी ठाऊक नसलेल्या माणसांनीं. रुग्ण तो रस्सा घेईनात. ओतेल-द्य या पॅरिसच्या जुन्या रुग्णालयांतील डॉक्टरांनीं १८३१ सालीं लिहून कळविलें, कीं हा रस्सा बेचव आहे, लवकर नासतो, आणि रोग्यांना पचत नाहीं. याच वर्षीं आल्फ्रेद दोने या वैद्यानें स्वतःवर प्रयोग केला. जिलेटिनाचा मोठा भाग असलेला आहार घेऊन तो कांहीं दिवस राहिला. त्याचें वजन घटलें आणि भूक भागेना. गान्नाल नांवाचा एक सरस तयार करणारा कारखानदार होता. त्याच्या कारखान्यांतील उंदीर कच्च्या मालाचा फडशा पाडीत, पण तयार सरसाला तोंड लावीत नसत, हें त्याच्या लक्षांत आलें. त्यानें आपल्या घरच्या माणसांसह जिलेटिनाचा आहार करून पाहिला आणि प्रकृति बिघडल्यामुळें तो सोडून दिला. १८३३ सालीं विल्यम एडवर्ड्स आणि बाल्झाक (हा कादंबरीकार बाल्झाक नव्हे) यांनीं कुत्र्यांना पाव आणि जिलेटिन देऊन पाहिलें. कुत्रे खंगले. पण त्याच आहारांत थोडासा मांसाचा रस्सा मिसळतांच ते पुन्हां सुधारूं लागले. या लहानशा निरीक्षणांत पुढील शतकाचें शास्त्र सांठविलेलें होतें. परंतु तें वाचतां येईल अशी लिपि अद्याप तयार झालेली नव्हती.

वाद विकोपास गेला. एका बाजूस गरिबांच्या अन्नाचा स्वस्त मार्ग, दुसऱ्या बाजूस रुग्णांच्या तक्रारी. विज्ञान-अकादमीनें माजांदीच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. इतिहासांत ती ‘जिलेटिन समिति’ म्हणून प्रसिद्ध आहे. जवळजवळ दहा वर्षें तिचें काम चाललें होतें. १८४१ सालीं तिनें आपला अहवाल सादर केला. जिलेटिन चांगलें मसाले घालून दिलें तरी कुत्रे थोड्याच दिवसांत तें नाकारीत, आणि भुकेनें मरत, पण त्याला शिवत नसत. पावाबरोबर दिलें तरी तें त्यांना पुरें पडेना. येथवर दार्सेचा पक्ष पडला. पण समितीनें आणखी पुढें जाऊन अंड्यांतील अल्ब्यूमिन आणि रक्तांतील फायब्रिन हींही एकेकटीं देऊन पाहिलीं, आणि आश्चर्य असें कीं या नामांकित पौष्टिक द्रव्यांवरही कुत्रे जगेनात. उलट खाटकाकडून आणलेल्या कच्च्या हाडांवर ते उत्तम राहिले. आणि गव्हांतील ग्लूटेनवर कांहीं महिने त्यांनीं सहज काढले.

समितीनें या गोंधळाला ओढूनताणून एखाद्या सिद्धांतांत बसविलें नाहीं, हा तिचा मोठेपणा होय. हाडांत चरबी, मगज, रक्त, क्षार अशीं अनेक द्रव्यें असतात. तीं काढून टाकून उरलेला सरस म्हणजे हाड नव्हे, हें तिनें स्पष्ट केलें. नत्रवायु आहे म्हणून पोषण होतें असें म्हणतां येत नाहीं, हें तिनें सिद्ध केलें. मग पोषण कशानें होतें? याचें उत्तर आपणांस सांपडलेलें नाहीं, असें तिनें प्रांजळपणें कबूल केलें. त्या प्रयोगांत किती मुक्या प्राण्यांचे हाल झाले, हें वाचतांना आज मन विषण्ण होतें. पण रुग्णालयांतील माणसांवर तोच प्रयोग, प्रयोग असें नांव न देतां, त्यापूर्वींच अनेक वर्षें चालू होता, हेंही विसरून चालणार नाहीं.

हें अज्ञान अपरिहार्य होतें. १८२० सालींच आंरी ब्राकोनो यानें जिलेटिन तीव्र आम्लांत उकळून त्यांतून गोड चवीचे स्फटिक वेगळे केले होते. त्यांना त्यानें ‘जिलेटिनाची साखर’ म्हटलें. ती साखर नव्हती. तें ग्लायसिन नांवाचें अमिनो आम्ल होतें. पण हीं अमिनो आम्लें म्हणजेच सर्व प्रथिनांच्या विटा होत, हें कोणास ठाऊक नव्हतें. १८३८ सालीं हॉलंडांतील मुल्डर यानें, स्वीडनच्या बर्झेलियसच्या सूचनेवरून, ‘प्रोटीन’ हा शब्द प्रचारांत आणला. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ ‘पहिल्या प्रतीचें’ असा आहे. आपल्या ‘प्रथिन’ शब्दांतही ‘प्रथम’चा ध्वनि ऐकूं येतो. मुल्डरचा सिद्धांत असा, कीं अंडें, रक्त, मांस, गहू या सर्वांत मूळ द्रव्य एकच आहे. सिद्धांत थोड्याच वर्षांत कोसळला. शब्द मात्र टिकला. १८७० सालीं प्रशियाच्या सैन्यानें पॅरिसला वेढा घातला, तेव्हां उपाशी शहरांत जिलेटिनाची चर्चा पुन्हां निघाली. वेढा उठल्यावर, १८७२ सालीं, म्यूनिकच्या कार्ल फॉइट यानें काळजीपूर्वक मोजमाप करून निर्णय दिला: जिलेटिन खाल्लें असतां शरीरांतील प्रथिनांचा खर्च कांहींसा वांचतो, पण प्रथिनांची जागा तें कधींच घेऊं शकत नाहीं.

हें असें कां होतें, तें विसाव्या शतकाच्या आरंभीं उमगलें. १९०१ सालीं केंब्रिज येथें हॉपकिन्स आणि कोल यांनीं ट्रिप्टोफेन नांवाचें एक नवें अमिनो आम्ल वेगळें काढलें. १९०६ सालीं हॉपकिन्स आणि एडिथ विलकॉक यांनीं उंदरांना मक्यांतील झेईन हें एकच प्रथिन देऊन ठेविलें. झेईनमध्यें ट्रिप्टोफेन नसतें. उंदीर लवकर मेले. दुसऱ्या गटाला त्याच आहारांत ट्रिप्टोफेनची चिमूट घातली. ते उंदीर जवळजवळ दुप्पट दिवस जगले. आणि जिलेटिनांत? त्यांतही ट्रिप्टोफेन मुळींच नाहीं. पॅरिसच्या रश्श्यांत नत्रवायु भरपूर होता, पण तें एक द्रव्य नव्हतें. आणि एडवर्ड्सनें घातलेल्या थोड्याशा मांसरसानें ज्या उणिवा भरून निघाल्या त्यांत अशाच द्रव्यांचा समावेश असला पाहिजे, असें आज म्हणतां येतें.

ही गोष्ट छापखान्याच्या उदाहरणानें चटकन् ध्यानांत येईल. जुन्या छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्यापुढें अक्षरांचे कप्पे असत. एखाद्या कप्प्यांत ‘ग’चे खिळे ढिगानें आहेत आणि ‘ट’चा कप्पा रिकामा आहे, अशी स्थिति असली तर बाकीचे हजारों खिळे हाताशीं असूनही पान छापून निघणार नाहीं. वजन केलें तर धातु भरपूर भरेल. पण वजनानें पुस्तक होत नाहीं. आपलें शरीर अशाच वीस अक्षरांनीं आपलीं प्रथिनें जुळवितें. त्यांपैकीं नऊ अक्षरें त्याला स्वतः घडवितां येत नाहींत; तीं अन्नांतूनच यावीं लागतात. अमेरिकेंतील विल्यम रोझ यानें १९३५ सालीं थ्रिओनिन या अमिनो आम्लाचा शोध लावला आणि ही यादी पुरी होत आली. १९९१ सालीं अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनीं प्रथिनांची प्रत ठरविण्याची जी रीति पुरस्कारिली, तिच्यांत एखादें आवश्यक अक्षर पूर्णपणें गळालें कीं गुण शून्य मिळतो. त्या रीतीनें एकट्या जिलेटिनाची प्रत शून्य येते.

पण येथें एक गोष्ट आपल्या घरची सांगितली पाहिजे. तांदुळांत आणि गव्हांत लायसिन हें अक्षर कमी असतें. डाळींत तें विपुल असतें. डाळींत मेथिओनिन कमी असतें. तें तांदूळ पुरवितो. आपल्या ताटांत वरण-भात एकत्र वाढतांना ज्या आजींनीं हा हिशेब कधीं ऐकलाही नव्हता, त्यांनीं तो पिढ्यान् पिढ्या अचूक सोडविला. अपुरें प्रथिन म्हणजे निरुपयोगी प्रथिन नव्हे. सोबत कोणाची आहे यावर सर्व अवलंबून असतें. एव्हलिनच्या पेल्यांतील जेली इतर पक्वान्नांबरोबर आली म्हणून कोणाचें नुकसान झालें नाहीं. पायांचा रस्सा भाकरी-भाताबरोबर ओरपणाऱ्यांनींही भिण्याचें कारण नाहीं. दोष सरसांत नव्हता. ‘एवढ्यावर भागेल’ असें दुसऱ्याच्या पोटाविषयीं ठरविण्यांत होता.

इतका खटाटोप करून मिळविलेला हा धडा पक्का झाला असेल, असें आपणांस वाटेल. तसें झालें नाहीं. १९७६ सालीं अमेरिकेंत वजन उतरविण्याच्या एका आहाराची लाट आली. इतर सर्व अन्न वर्ज्य करून केवळ ‘द्रवरूप प्रथिन’ पीत राहावयाचें, असा तो आहार. हें द्रवरूप प्रथिन बहुतेक ठिकाणीं जनावरांच्या कातड्यांपासून आणि स्नायुबंधांपासून काढलेलें, विघटित केलेलें कोलॅजेनच होतें. त्याला रंग व सुवास दिलेला होता. लाखों लोकांनीं तें घेतलें. अल्पावधींत पन्नासांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. त्यांतील सतरा प्रकरणांचा बारकाईनें अभ्यास झाला, तेव्हां एरवीं धडधाकट माणसें हृदयाचे ठोके अनियमित होऊन अकस्मात् मेलीं होतीं, असें दिसून आलें. अति अल्प आहार, क्षारांची उणीव आणि निकृष्ट प्रथिन यांपैकीं कशाचा वांटा किती, याचा खल पुढें होत राहिला. परंतु जो रस्सा पॅरिसच्या गरिबांना नाइलाजानें घ्यावा लागला होता, तोच दीडशें वर्षांनीं सुखवस्तु माणसांनीं पैसे मोजून घेतला, हा विपर्यास विसरण्यासारखा नाहीं. आणि नत्रवायूच्या मोजपट्टीचा मोह? २००८ सालीं चीनमध्यें पाणी मिसळलेल्या दुधांत मेलामिन हें नत्रवायूनें भरलेलें रसायन घालण्यांत आलें; परीक्षेंत दूध उत्तीर्ण होई. सुमारें तीन लाख बालकांना बाधा झाली आणि सहा बालकें दगावलीं. पोषण न मोजतां नत्रवायु मोजणाऱ्या परीक्षेची खोड लबाडांना अचूक ठाऊक होती.

आतां शेवटचा अध्याय. १९०२ सालीं जर्मनींतील एमिल फिशर आणि फ्रांझ होफमाइस्टर यांनीं एकाच सभेंत, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची सांखळी असें प्रतिपादन केलें. लहान सांखळीला फिशरनें पेप्टाइड हें नांव दिलें. त्याचा मूळ धातु ‘पचन’ या अर्थाचा आहे. कोलॅजेनची घडण उकलण्यांत भारताचा वांटा मोठा आहे. १९५४ आणि १९५५ सालीं मद्रास विद्यापीठांतील जी. एन. रामचंद्रन् आणि गोपीनाथ कर्ता यांनीं दाखवून दिलें, कीं कोलॅजेन हा तीन पदरी दोरखंड आहे, आणि त्यांतील प्रत्येक तिसरी जागा ग्लायसिनची आहे. कारण दोरखंडाच्या आंतल्या बाजूस दुसरें कोणतेंही अमिनो आम्ल मावत नाहीं. ब्राकोनोला मिळालेले गोड स्फटिक जिलेटिनांत इतके विपुल कां, याचा उलगडा मद्रासच्या प्रयोगशाळेंत झाला. बळकट दोर वळण्यासाठीं निसर्गानें ज्या मोजक्या अक्षरांची निवड केली, तीच निवड अन्न म्हणून त्याला उणें ठरविते.

अलीकडील संशोधनाचें लक्ष मात्र अक्षरांकडून शब्दांकडे वळलें आहे. ‘राजकारण’ हा शब्द घ्या. त्याचे तुकडे एका ठिकाणीं केले तर ‘राज’ आणि ‘कारण’ मिळतात. दुसऱ्या ठिकाणीं केले तर ‘रण’ हातीं येतो. संपूर्ण शब्दांत ‘रण’ ऐकूं येत नाहीं. तोडल्यावर तो मोकळा होतो. तसेंच प्रथिनांचें आहे. पाचक रसांनीं तीं तुटलीं म्हणजे कांहीं तुकडे असे निघतात कीं ते शरीराला केवळ विटा पुरवीत नाहींत, तर संदेश देतात. १९५० सालीं स्वीडनच्या मेलँडर यानें दुधांतील केसीनपासून निघणाऱ्या स्फुरदयुक्त पेप्टाइडांचा मुडदूस झालेल्या बालकांच्या हाडांशीं संबंध दाखविला. १९६५ सालीं ब्राझीलच्या सेर्जिओ फेरेरा यानें तेथील एका घोणसवर्गीय सर्पाच्या विषांत रक्तदाबाशीं संबंधित पेप्टाइडें असल्याचें प्रसिद्ध केलें. त्या धाग्यानें जातां जातां कॅप्टोप्रिल हें रक्तदाबावरील औषध तयार झालें आणि १९८१ सालीं अमेरिकेंत त्याला मान्यता मिळाली. १९७९ सालीं म्यूनिकच्या संशोधकांना दुधाच्या केसीनपासून मॉर्फिनसारखी क्रिया करणारीं पेप्टाइडें मिळालीं. आणि त्याच १९७९ सालीं जपानमध्यें ओशिमा आणि त्यांचे सहकारी यांनीं जिलेटिनाचें जंतूंच्या विकरानें पचन करून असे तुकडे वेगळे काढले, कीं ज्या विकराला कॅप्टोप्रिल अडवितें त्यालाच ते परीक्षानळींत अडवीत होते.

म्हणजे शंभर वर्षें ज्याला ‘उणें अन्न’ म्हणून हिणविलें त्याच सरसांत औषधी शब्द लपलेले असूं शकतात! ही गोष्ट खरोखर नवलाची आहे, आणि तिला हंसून सोडणें अशास्त्रीय होईल. २००५ सालीं जपानी संशोधकांनीं जिलेटिनाचें चूर्ण घेतलेल्या माणसांच्या रक्तांत प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन यांचें जोडपेंही शोधून काढलें. म्हणजे सर्वच तुकडे पोटांत विरून जात नाहींत. पण परीक्षानळींत क्रिया होणें, रक्तांत पोंचणें आणि माणसाचें दुखणें कमी होणें या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरून तिसरीवर उडी घेतली म्हणजे पुन्हां १८१४ सालची चूक घडते. २०११ सालीं युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें सांध्यांसाठीं कोलॅजेनच्या चूर्णाचा दावा तपासला, आणि कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाहीं, असा निर्णय दिला. त्यानंतरही प्रयोग चालू आहेत. कांहींचे निष्कर्ष आशादायक आहेत, आणि पुष्कळ प्रयोग लहान व विक्रेत्यांच्या पैशानें केलेले आहेत. निकाल अजून लागावयाचा आहे. तोंवर ते डबे अन्नाच्या कपाटांतच ठेवावेत, औषधाच्या कपाटांत नव्हे. आणि एवढ्याच चूर्णावर प्रथिनांची रोजची गरज भागते, अशा समजुतींत तर कोणींच राहूं नये.

श्रोतेहो, या इतिहासांत मला सर्वांत मोलाचे वाटतात ते दार्से नव्हेत, आणि माजांदीही नव्हेत. ओतेल-द्य रुग्णालयांतील ते रुग्ण, ज्यांनीं आपल्यापुढील वाडगा बाजूला सारला, त्यांचीं नांवें इतिहासाला ठाऊक नाहींत. ते रसायनशास्त्र शिकलेले नव्हते. स्वस्त अन्न नाकारणारे कृतघ्न, असाही शिक्का त्यांच्यावर बसूं शकला असता. परंतु त्या रश्श्याविषयींचा पहिला खरा पुरावा त्यांच्या उरलेल्या वाडग्यांत होता, आणि कांहीं डॉक्टरांनीं तो पुरावा मानून कागदावर उतरविला, म्हणून पुढील सर्व शास्त्र घडलें. आजही शाळेंत, रुग्णालयांत किंवा अनाथाश्रमांत दुसऱ्यांसाठीं अन्न ठरविण्याचा प्रसंग आपणांपैकीं अनेकांवर येतो. तेव्हां तक्त्यांतील आंकडे जरूर पाहावेत. पण पंगत उठल्यावर ताटांत काय उरलें आहे, तेंही एकदां पाहून यावें.